दम धरावा, दम कोंडूं नये

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींचशीं एकाच विषयाचीं आहेत. कोणी विचारतात, साठी उलटल्यावर दीर्घश्वसन सुरू केलें तर चालेल काय; कोणी विचारतात, त्यानें रक्तदाबाची गोळी सुटेल काय; आणि एका वाचकभगिनीनें तर स्पष्टच लिहिलें आहे कीं, "आमचे सासरे रोज पहांटे सगळ्या घरास उठवून भस्त्रिका करावयास लावतात, ह्यावर कांहीं उपाय असल्यास कळवावा." हें शेवटचें पत्र वाचून आम्हांस हसूं आलें, आणि लगेच लाजही वाटली. कारण तसा सासरा होण्याचा मान कांहीं काळ आम्हींही भोगला आहे. तेव्हां उपदेश करण्यापूर्वीं आपली हकीकत सांगून मोकळें व्हावें, हें बरें.

आमचें घर रोह्यास, कुंडलिकेपासून फार दूर नाहीं. आणि उभी नोकरी पेणेस झाली. प्रथम एस्. टी. नें व पुढें आगगाडीनें, निडी, नागोठणें, कासू अशीं स्थानकें मोजीत आम्ही कित्येक वर्षें गेलों आणि आलों. दिवसभर वर्गांत खडूची धूळ आणि घसा ताणून सांगितलेलीं रूपें, ह्यांत आपण श्वास घेतों कीं नाहीं ह्याचा विचार करावयास सवड कोणास होती? निवृत्तीनंतर एक दिवस स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या चढतांना अर्ध्यावर थांबावें लागलें. मागून येणारा एक जुना विद्यार्थी हातांतली पिशवी घेऊन म्हणाला, "गुरुजी, दम खा." वर्गांत हाच शब्द आम्हीं त्याला निराळ्या अर्थानें पुष्कळदां ऐकविला असेल! डॉक्टरांनीं रक्तदाब मोजला, एक गोळी लिहून दिली, आणि जातांजातां म्हटलें, "रोज थोडा वेळ सावकाश श्वास घेत जा." ह्या वाक्यांतला 'श्वास' आम्हीं ऐकला, 'सावकाश' तेवढा कानाआड गेला. पुढची सारी कथा त्या एका शब्दाच्या विस्मरणाची आहे.

संस्कृत शिकलेल्या माणसाच्या हातीं कोणताही विषय आला कीं तो प्रथम ग्रंथाकडे धांवतो. आम्हींही तेंच केलें. आणि पेणकरांस ह्या विषयाचें एक मोठें विद्यापीठ तर शेजारींच आहे. खोपोलीवरून बोरघाट चढला कीं लोणावळें. तेथें १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापन केलें. हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ चा जन्म. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतासाठीं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविणारा विद्यार्थी. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत शरीर कमावलेला तरुण. पुढें अंमळनेरास अध्यापक. आणि नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासांपाशीं योग शिकलेला साधक. ह्या गृहस्थांनीं योगाकडे श्रद्धेनें पाहिलें, पण ती श्रद्धा क्ष-किरणांच्या व दाबमापकांच्या कसोटीस लाविली, आणि जें दिसलें तें 'योगमीमांसा' ह्या त्रैमासिकांत त्याच वर्षापासून छापावयास आरंभ केला. ते १९६६ सालीं गेले. संस्था आजही चालू आहे. त्यांच्या प्राणायामावरील लेखनांतून एक गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास हवी होती. प्राणवायूच्या लाभापेक्षां मज्जातंतूंवर होणाऱ्या संस्कारास ते अधिक महत्त्व देत. आम्हीं मात्र 'जितका मोठा श्वास तितका अधिक प्राणवायु' हा बाजारी हिशेब मनांत धरला होता.

तो हिशेब कोठें चुकतो, हें शाळेंतल्या गणितानेंच दाखवितां येतें. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें १२ ते २० वेळां श्वास घेतो, आणि प्रत्येक वेळीं साधारण ५०० मिलिलिटर हवा आंत जाते. परंतु त्यांतील सुमारें १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व श्वासनलिका ह्यांतच राहते. रक्ताशीं देवघेव होते ती फुप्फुसाच्या तळच्या सूक्ष्म कोशांत, आणि तेथवर ही हवा पोंचतच नाहीं. ही प्रत्येक फेरीची जकात समजा. आतां १२ श्वासांत ५०० प्रमाणें ६००० मिलिलिटर हवा घेतली, तर जकात १८०० आणि पदरांत ४२००. तीच ६००० मिलिलिटर हवा घाईनें, २५० चे २४ उथळ श्वास करून घेतली, तर जकात ३६०० आणि पदरांत अवघे २४००. आणि तीच १००० च्या ६ सावकाश श्वासांनीं घेतली, तर जकात ९०० आणि पदरांत ५१०० ! तिन्ही ठिकाणीं हवा तेवढीच. फरक केवळ चालीचा. घाईनें बाजारांत चोवीस खेपा घालणाऱ्यापेक्षां सहा खेपांत भरपूर सामान आणणारा गृहस्थ शहाणा, एवढाच ह्याचा अर्थ.

पण ह्यावरून सावकाश श्वासानें रक्तांत प्राणवायूचा सांठा वाढतो असें समजूं नये. २०२० च्या साथींत बोटास लावावयाचें तें चिमट्यासारखें यंत्र पुष्कळ घरांत आलें; आमच्याही घरीं आहे. निरोगी माणसाच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण ९५ ते १०० टक्के असतेंच. आम्हीं दीर्घश्वसनापूर्वीं पाहिलें तर ९७, नंतर पाहिलें तर ९८. भरलेल्या घागरींत आणखी किती ओतणार? उलट, जोरजोरानें श्वास घेत राहिलें तर रक्तांतील कार्बन डायॉक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकें हलकें होतें, ओठांस व बोटांस मुंग्या येतात. पहिल्या आठवड्यांत आम्हांस हें सर्व झालें; आणि सांगावयास संकोच वाटतो, पण ती घेरी आम्हीं सिद्धीची पहिली पायरी समजलों!

मग लाभ कोठें आहे? तो मुख्यतः सोडलेल्या श्वासांत आहे. श्वास घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात आणि सोडतांना मंदावतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेणाऱ्यास कधीं कधीं हें स्वतःही ताडून पाहतां येतें. श्वास सोडणें लांबविलें म्हणजे शरीरास विश्रांति देणाऱ्या मज्जातंतूंचा अंमल वाढतो, हृदय व रक्तदाब ह्यांचा परस्पर मेळ सुधारतो. इटलींतील पाव्हिया येथील बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें २३ निरोगी माणसांवरील एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. ह्या माणसांकडून त्यांनीं ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींनीं श्वासाची गति आपोआप मिनिटास सुमारें सहावर आली, आणि हृदयाच्या तालांत इष्ट बदल दिसले. संध्येंतील प्राणायाम ज्यांच्या अंगवळणीं आहे त्यांस ह्याचें नवल वाटूं नये. मात्र आपल्यापैकीं किती जण तो प्राणायाम नाकास नुसता हात लावून उरकतात, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारावें.

आतां मूळ हकीकत. आमच्या सूनबाईस लहानपणापासून दम्याचा विकार आहे. लग्न ठरतांना तिच्या माहेरच्यांनीं तो लपविला नव्हता, आणि आम्हींही मनास लावून घेतला नव्हता. ती पेणेस नोकरीस जाते. सकाळ-संध्याकाळ एका पंपानें औषध ओढून घेई आणि दुसरा एक पंप अडीअडचणीसाठीं पिशवींत बाळगी. आम्हांस प्राणायामाचा नवा छंद लागलेला; तो पंप आमच्या डोळ्यांत खुपूं लागला. एके दिवशीं चैत्रांत आम्हीं तिला म्हटलें, "सूनबाई, ही औषधाची कुबडी किती दिवस वागविणार? आमच्याबरोबर पहांटे बसत जा, आणि ती टाकून दे." तिनें मान हालविली. एकत्र कुटुंबांत सुनेनें मान हालविली म्हणजे तिला पटलें, असें सासऱ्यास वाटतें. पुष्कळदां तिनें केवळ वाद टाळलेला असतो.

ती पहांटे बसूं लागली. आम्हीं तिला भस्त्रिका शिकविली, श्वास कोंडावयास लाविला. आणि समोर उदबत्ती व धूप लावून वातावरण पवित्र केलें. सकाळ-संध्याकाळचा पंप बंद झाला. चैत्र-वैशाख बरे गेले. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यास मोठ्या अभिमानानें सांगूं लागलों कीं, पाहा, आमच्या सूनबाईचा दमा आम्हीं घालविला.

रोह्याचा आषाढ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन नको. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, भिंतींस ओल आली होती, कपाटांतल्या पुस्तकांवर बुरशी धरली होती. अशा एका रात्रीं दोनच्या सुमारास मुलानें हांक मारली. सूनबाई पलंगाच्या कडेवर पुढें वांकून बसली होती. हात गुडघ्यांवर, खांदे उचललेले, छातींतून पांव्यासारखा आवाज. पिशवींतला पंप काढला, तर तो केव्हांच संपलेला; पुन्हां आणावयाचा कशास, असें आम्हींच तर म्हटलें होतें. आम्हांस पाहून ती "मामंजी" एवढेंच म्हणाली; पुढचा शब्द निघेना. आणि आम्ही, वाचकहो, काय म्हणालों असूं? "दीर्घ श्वास घे, बाळ, दीर्घ श्वास घे!"

त्या वेळीं आमचें कुटुंब, जें आमच्या पहांटेच्या वर्गास कधीं बसलें नाहीं, तें म्हणालें, "तिला श्वास घेतां येत नाहीं असें नव्हे, सोडतां येत नाहीं! तुमचा प्राणायाम राहूं द्या आणि रिक्षा बोलवा." वीज गेलेली, पाऊस कोसळत असलेला. शेजारच्या मुलानें रिक्षा काढली म्हणून पूल ओलांडून आम्ही दवाखान्यांत पोंचलों. नेब्युलायझर लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासानें तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तो अर्धा-पाऊण तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसून काढला. इतक्या वर्षांच्या अध्यापनांत स्वतःविषयीं जें शिकलों नव्हतों तें तेथें शिकलों.

डॉक्टर वयानें आमच्या मुलाएवढे. पण त्यांनीं धडा नीट समजावून दिला. दम्यांत श्वासनलिकांच्या आंतील अस्तर सुजतें आणि भोंवतालचे स्नायु आंवळले जातात. वाट अरुंद होते. आंत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं, कोंडून राहते, आणि म्हणून नवी हवा घ्यावयास जागा उरत नाहीं. अशा छातीस 'आणखी घे, आणखी कोंड' म्हणणें हें तुंबलेल्या मोरींत पाणी ओतण्यासारखें आहे. रोजचा पंप सूज आटोक्यांत ठेवतो. तो बंद केल्याबरोबर कांहीं होत नाहीं, सूज दिवसांमागून दिवस पुन्हां वाढत जाते, आणि रोग्यास मात्र आपण बरे झालों असें वाटतें. दुसरा पंप आंवळलेले स्नायु तात्काळ सैल करतो. एकाचें काम दुसरा करीत नाहीं. आणि दोहोंचें काम प्राणायाम करीत नाहीं. भस्त्रिकेसारखा जलद श्वास तर पुष्कळ दमेकऱ्यांच्या नलिका उलट आंवळून टाकतो. शेवटीं त्यांनीं विचारलें, "घरांत धूर कशाचा असतो?" आम्हीं मान खालीं घालून उदबत्तीचें व धुपाचें नांव घेतलें.

घरीं आल्यावर आम्हीं पुनः हठप्रदीपिका उघडली. दुसऱ्या उपदेशांत तिचा कर्ता सांगतो कीं, सिंह, हत्ती, वाघ हे जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही वश करावा. नाहीं तर तो साधकासच मारतो. पुढें तो म्हणतो कीं, योग्य प्राणायामानें रोग जातात आणि अयोग्य अभ्यासानें रोग उद्भवतात; आणि त्या उद्भवणाऱ्या रोगांची जी यादी तो देतो तिच्या आरंभींच उचकी, श्वास आणि खोकला हे आहेत. हें आम्हीं पूर्वीं वाचलें नव्हतें असें नाहीं. त्यावर पेन्सिलीची खूणही होती. पण वाचणें निराळें आणि ऐकणें निराळें. ग्रंथकारानें सांगितलेलें आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें एकच होतें: सावकाश.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं सूनबाईस म्हटलें, "आमचें चुकलें." सासऱ्यानें सुनेस असें म्हणण्याची आमच्या घरीं वहिवाट नाहीं, शब्द जड गेले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामंजी, पहांटे तुमच्याशेजारीं बसणें मला आवडतें. तें मी सोडणार नाहीं. पण माझा पंप मला राहूं द्या, आणि ती उदबत्ती तेवढी नको." चैत्रांत जी मान हालली होती तिच्यांत हें वाक्य दडलेलें होतें. आम्हीं विचारलें असतें तर तेव्हांच ऐकूं आलें असतें.

आतां पत्रलेखकांस उत्तर. दीर्घश्वसन साठीनंतरही खुशाल सुरू करावें. जेवणानंतर तीन तास जाऊं द्यावे. सतरंजीवर किंवा खुर्चीवर पाठ ताठ, पण खांदे सैल ठेवून बसावें. एक तळवा पोटावर ठेवावा. श्वास घेतांना छाती न फुगवितां पोट हलकेंच पुढें यावें, कारण श्वासाचें मुख्य काम छातीखालच्या पडद्याचें आहे. नाकानें चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा. मध्यें कोंडूं नये. अंक घड्याळाच्या सेकंदांचे धरले तर मिनिटास बरोबर सहा श्वास होतात. चार-सहा जड वाटल्यास तीन-चार करावें. सोडणें घेण्याहून लांब असलें म्हणजे झालें. पेला काठोकाठ भरूं नये. आरंभीं पांच मिनिटें पुरेत. महिन्याभरांत दहा करावीं. घेरी आली, मुंग्या आल्या, छातींत दुखलें, तर तेथेंच थांबावें. आणि छातीचें दुखणें असेल तर डॉक्टरांस गांठावें.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, अंतर्गळ, अपस्मार असलेल्यांनीं, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं कपालभाति, भस्त्रिका व श्वास कोंडणें ह्यांच्या वाटेस जाऊं नये. दमेकऱ्यांनीं सावकाश श्वसन अवश्य करावें, त्यानें घाबरेपणा कमी होतो व रोजचें जगणें सुसह्य होतें. पण औषध चालू ठेवून, आणि धाप लागली असतां प्रथम पंप, मागाहून बाकी सर्व. रक्तदाबाची गोळी आपल्या मनानें सोडूं नये. आमची गोळी अजून तीच आहे. मात्रा वाढवावी लागली नाहीं, एवढेंच समाधान. मुलांस अंक मोजावयास लावूं नये. संध्याकाळीं परवचा व श्लोक त्यांच्याकडून एका श्वासांत एक ओळ असे संथपणें म्हणवून घ्यावेत.

जागाही पाहावी. पेणेस मूर्तींच्या कारखान्यांत काम करणारा आमचा एक विद्यार्थी खोकत खोकत विचारावयास आला कीं, दुपारच्या सुट्टींत तेथेंच बसून दीर्घश्वसन करूं काय? आम्हीं सांगितलें, "धुळींत घेतलेला दीर्घ श्वास धूळच खोल नेतो. मूर्ति घांसतांना प्रथम नाकातोंडावर चांगला मुखवटा बांध, छाती तपासून घे, आणि श्वसन घरीं मोकळ्या हवेंत कर." एके काळीं आम्हीं त्याला तेथेंच भस्त्रिका करावयास सांगितलें असतें.

आणि त्या वाचकभगिनीस एवढेंच सांगणें आहे कीं, हें पान आपल्या सासऱ्यांच्या चष्म्याखालीं ठेवावें. ते रागावले तर रोह्यास एक समव्यसनी आहे असें सांगावें. आजकाल आमच्या घरीं पहांटे दोघेंच बसतों. खिडकी उघडी असते, समोर धूर नसतो. कोनाड्यांत आमची पळी-पंचपात्री आणि तिच्याशेजारीं सूनबाईचे दोन्ही पंप. प्रथम ती आपलें औषध घेते, चूळ भरून येते, मग आम्ही मोजूं लागतों; चार घेतांना, सहा सोडतांना. कधीं आमची मोजणी जुन्या संवयीनें भरभर धांवूं लागली, तर ती डोळे न उघडतांच म्हणते, "मामंजी, सावकाश."